देवकाबाईचं मत कोणी टाकलं?

१

“आपका वोट तो पड़ चुका, बाई.”

टेबलामागचे कारकून शिवचरणजी एवढं बोलले आणि देवकाबाईने पुढे केलेलं बोट तसंच हवेत राहिलं. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. शाई नीट बसावी म्हणून तिने ते सकाळपासून तीनदा राखेने घासलं होतं. इतकं घासलं होतं की टोक गाजरासारखं लाल झालं होतं.

“पडलं? कोठी पडलं?” देवकाबाईने खाली जमिनीवर पाहिलं.

रांगेतल्या बायका खो-खो हसल्या. हसली नाही ती एकटी धुरपता. गावच्या शाळेतल्या मतदान केंद्राच्या मंडळींसाठी पाण्याची घागर घेऊन ती दारात उभी होती. देवकाबाई तिची मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. या एका मतासाठी मोठी माय किती थांबली होती ते धुरपताला ठाऊक होतं. पाच वर्षं!

बावन्न साली पहिली निवडणूक झाली, त्याच्या आधी यादी करणारा माणूस अंगणात आला होता. “घरातल्या बायांची नावं सांगा.” मोठे बाबा, म्हणजे चैतराम, खाटेवर बसल्या बसल्या ऐटीत म्हणाले, “लिवा. चैतरामची बायको.” त्याने लिहिलं. पुढे वरून हुकूम आला की अमक्याची बायको, तमक्याची माय असली नावं चालणार नाहीत, काटून टाका. बोडीटोल्यातल्या निम्म्याहून जास्त बायका कटल्या. मतदानाच्या दिवशी गावातल्या फक्त अडतीस बायकांनी मत टाकलं, आणि देवकाबाई घरात धान कांडत बसली. कांडता कांडता मुसळ जरा जास्तच जोरात आपटत होती म्हणतात.

यंदा, म्हणजे सत्तावन्न सालासाठी, पुन्हा माणूस आला तेव्हा ती स्वतः ओट्यावर आली. “देवका. लिवा. दे-व-का.”

आणि आज म्हणे मत पडलं!

“माहं मत मी टाकलं नाई तं पडलं कसं जी?”

आवाज ऐकून केंद्राचे साहेब उठून आले. भंडाऱ्याहून आलेले, चष्म्यातून माणसाकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघणारे. यादीत देवकाबाईच्या नावापुढे खूण होती, पक्की. त्यांनी तिचं बोट हातात न धरताच वाकून पाहिलं.

“बोट फार घासलंय.”

“हाव जी. राखेनं.”

“कशासाठी?”

“शाई बसाले.”

साहेब चष्मा पुसत म्हणाले, “शाई जायला पण राखेनेच घासतात, बाई.”

हसणाऱ्या बायका हसायच्या थांबल्या. देवकाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की धुरपताच्या हातातली घागर कलंडायचीच राहिली.

मोठी माय चोर? दोनदा मत टाकणारी?

२

बोडीटोला दवनीवाड्यापासून दोन कोसांवर. गावात एक मोठा तलाव, आणि गावाचं राजकारण त्या तलावाच्या पाण्यासारखं वरून खाली वाहायचं. ज्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आधी पोचायचं ती वरची आळी बैलजोडीच्या निशाणीवाली. ज्यांच्या बांधीत धान पिवळं पडायला लागल्यावर पाणी पोचायचं ती खालची आळी झोपडीच्या निशाणीवाली. प्रत्येक निशाणीची पेटी वेगळी. वरच्या आळीचे पुढारी चैतराम, खालच्या आळीचे दुधराम. एके काळी दोघं एका ताटात जेवायचे. बावन्नच्या निवडणुकीपासून एकमेकांचं नावही घेत नव्हते. आज दोघं आपापल्या उमेदवाराचे एजंट म्हणून बायकांच्या खोलीत एकाच बाकावर बसले होते. मधे एवढी जागा, की तिसरा माणूस आडवा झोपला असता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “एक वाजलाय. पाचला केंद्र बंद. बाई, तुमचं मत वेगळ्या पाकिटात घेता येईल. पण ती मतं मोजणीत धरत नाहीत.”

“मोजत नाईत?” देवकाबाई म्हणाली. “तं मंग थे मत कायचं? थे तं चिठ्ठी झाली.”

आणि ती बाहेर जाऊन शाळेच्या पायरीवर बसली. घरी गेली नाही. घासलेलं बोट मुठीत झाकून बसली.

आता धुरपताबद्दल सांगायला हवं. ती नववीत, गोंदियाच्या मुलींच्या शाळेत. तिथेही मतदान, म्हणून सुटी. गेल्या महिन्यात भाषणाच्या स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिचं मत असं झालं होतं की जगात असा प्रश्नच नाही जो ताठ उभं राहून विचारता येत नाही. ती ताठ उभी राहिली.

“साहेब, खरं काय ते पाचच्या आत कळलं तर?”

साहेबांनी पहिल्यांदा कागदावरून डोळे काढले. “तर दुरुस्ती करता येईल. पण पुरावा हवा.”

“आणते,” धुरपता म्हणाली. कुठून आणणार, हे तिला काडीचंही माहीत नव्हतं.

३

पहिला प्रश्न शिवचरणजींना. गोंदियाचा, गोल चेहऱ्याचा, मिशा पुसत चहा पिणारा भला माणूस. पहाटे धुरपताच्या घरून चहा गेला तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवून आपल्या सुटीची सगळी हकिगत सांगितली होती: होळी जळली की दुसऱ्या दिवशी चैत लागणार, आणि चैत लागला की ते आठ दिवस सासरी जाणार. “चैत तं पाडव्याले लागते जी,” असं धुरपता म्हणाली होती. त्यावर ते हसले होते, “वो तुम्हारा, बिटिया. ससुराल मेरी है ना?”

आता मात्र ते हसत नव्हते. चूक झाली तर नोकरीवर येईल, हे त्यांच्या कपाळावरच्या घामावर लिहिलेलं होतं.

“ती बाई कधी आली होती?”

“दूसरी चाय आयी, तब. दस बजे होंगे.”

दुसरा चहा! तो तर धुरपतानेच आणला होता. तिने डोळे मिटून खोली आठवली. टेबल. शिवचरणजी. बायकांची रांग भिंतीपर्यंत. आणि एजंटांचं बाक... रिकामं! दोन्ही टोकं रिकामी! गावातली प्रत्येक बाई चालीवरून ओळखणारी दोन माणसं, आणि नेमक्या त्याच वेळी दोघंही गायब?

“तोंड पाहिलं तिचं?”

“पल्लू नाक तक था. अब मैं किसी का पल्लू उठाऊँ क्या?”

“यादीतल्या नंबराची चिठ्ठी होती?”

“नहीं थी. मैंने नाम पूछा, बोली देवका. पति का नाम पूछा, उसने बताया. चैतराम. मैंने देखा, लिस्ट में देवकाबाई, पति चैतराम. निशान लगा दिया.”

धुरपताच्या डोक्यात वीज चमकली.

“तिने नवऱ्याचं नाव सांगितलं?”

“हाँ.”

बोडीटोल्यातली कोणतीही बाई नवऱ्याचं नाव घेत नाही! सर्पाला दोरी म्हणेल, पण नाव घेणार नाही. गोंदियाच्या दवाखान्यात गेली तरी नाव सांगायला सासू बरोबर लागते. मग जी बाई “चैतराम” असं धडधडीत सांगून गेली, ती चैतरामची बायको असूच शकत नाही. धाकट्या जावाही नाहीत, त्या तर मोठ्या दिराचं नाव त्याहून घेणार नाहीत.

ते नाव बिनधास्त घेणारी, अंगणातून ओरडून घेणारी, घरात एकच बाई होती.

शांती आत्या. चैतरामची सख्खी थोरली बहीण.

४

पण आत्याकडे जाण्याआधी धुरपताला दोन पुरुषांना विचारायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाला विचारायची तिला भीती वाटत होती.

कारण काल संध्याकाळी घरात काय झालं ते तिने ऐकलं होतं. मोठे बाबा ओसरीवर पाहुण्यांना सांगत होते, “माह्या घरची सात मतं, साती बैलजोडीची.” आणि आतून चुलीपाशी बसलेली मोठी माय म्हणाली होती, “सहा म्हना. सातवं माहं हाये. थे कोनाचं हाये थे मले मालूम.” पाहुणे हसले. मोठे बाबा हसले नव्हते.

ज्यांना सातवं मत आपल्या पेटीत हवं होतं... धुरपताने डोकं झटकलं. मोठे बाबा! ज्यांनी तिला खांद्यावर बसवून तलावाच्या पाळीवरून फिरवलं होतं, ज्यांनी बाबांशी भांडून तिला गोंदियाला शिकायला पाठवलं होतं!

तरी विचारलं. ताठ उभं राहून.

“मोठे बाबा, दहा वाजता तुमी कोठी होते?”

“अं? बाकावर.”

“बाक खाली होतं. मी चहा आणला.”

चैतरामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “गेलतो जरा. तिकडं.”

“तिकडं म्हंजे?”

“तिकडं म्हंजे तिकडं! तू काऊन विचारून राहिली वं? वकील झाली का?”

दुधरामांचंही तेच. “माहं पोट बिघडलं होतं, पोरी.”

“काका, पोट बिघडलं तं आता शेंगदाणे कायले खाऊन राहिले?”

दुधरामांनी मूठ मिटली. दुसऱ्या हाताने तंबाखूची चंची बंडीच्या खिशात कोंबली. पण धुरपताने ती पाहिली. लाल खणाची चंची, हिरव्या दोरीची. ती चंची मोठ्या मायने गेल्या पोळ्याला स्वतः शिवली होती. दुधरामांसाठी नाही!

चैतरामांची चंची दुधरामांच्या खिशात?

गावात चोरून तंबाखू खायची एकच जागा होती, शाळेमागचा आंबा. धुरपताच्या गालावर खळी पडली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “शाळेच्या मागं आंब्याखाली बसले होते ना दोघं? चुना कोनाचा होता?”

दुधरामांनी चोरासारखं इकडे तिकडे पाहिलं. “माहा. तुह्या मोठ्या बापाले चुना कधीच पुरत नाई. पयलेपासून.” मग काकुळतीने, “कोनाले सांगू नको वं, बाई! आजच्या दिशी एका चंचीतून खाल्ली म्हनलं तं दोन्ही आळ्या आमाले तलावात बुडवतीन. पाच सालं झाली बोललो नाई. आज एका बाकावर बसून बसून तोंड भलतं कडू झालं होतं.”

म्हणजे दोघांनी मिळून काही केलेलं नव्हतं. केलं होतं ते एवढंच. धुरपताला इतकं हलकं वाटलं की तिने उडी मारली. चक्क उडी, नववीतल्या मुलीने.

पण घड्याळात तीन वाजले होते. पायरीवर मोठी माय तशीच बसून होती. आणि आत्या उरली होती.

५

शांती आत्या घरात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. एका हाताने! डावा हात पदराखाली. धुरपताला आठवलं, सकाळपासून तो हात पदराखालीच होता. भाकर वाढताना, गाईला चारा टाकताना.

आत्याने महिन्याभरापूर्वी गावात डांगोरा पिटला होता की ती मत देणार नाही. “माह्या आज्यानं तलाव बांधला. पाळीले भगदाड पडून तीन सालं झाली. बैलजोडी आली नाई, झोपडी आली नाई. मी कायले जाऊ?” वरची आळी विनवून थकली, खालची आळी विनवून थकली. आत्या बधली नव्हती.

“आत्या, हात दाखव.”

“कोनता?”

“जो झाकून ठेवला थो.”

“लागलं हाये.”

“दाखव!”

आत्याने हात बाहेर काढला. बोटावर काळीकुट्ट शाई.

धुरपता भिंतीला टेकली. “तू? मोठ्या मायच्या नावानं? आत्या, ती तिथं पायरीवर बसून हाये! लोक तिले चोर म्हणून राहिले!”

“कोनाच्या नावानं?” आत्या उसळली. सूप बाजूला फेकलं. “अवं माह्याच नावानं! शांतीबाई! खुशाल पाय यादीत! सकाळी अंगन झाडत होती. सगळ्या बाया नवी लुगडी घालून चालल्या. हासत, गात. माहा जीव राहिला नाई. गेली. टाकलं. आता साऱ्या गावाले महिनाभर नाई म्हनलं, मंग तोंड कसं दाखवू?” तिचे डोळे भरले. “देवकाले चोर म्हनते? कोन म्हनते थो?”

खोटं नव्हतं हे. आत्याला खोटं बोलता आलं असतं तर तिने शाईचं बोट इतकं वाईट झाकलं नसतं.

मग धागा तुटलाच की! धुरपता जमिनीवर मटकन बसली. एक तास उरला होता. सगळे संशयित निर्दोष. सगळ्यांच्या खोट्यामागे निघालं काय, तर चिमूटभर तंबाखू आणि नवं लुगडं.

“आत्या, तू किती वाजता गेलती?”

“तू चाय घेऊन आली तवा मी रांगेतच होती. पदर घेतला तोंडावर, तुले दिसू नये म्हून.”

“मंग तुह्या समोर कोन होतं?”

“समोर? थे फागूची नवी बायको. लाजून मेली बिचारी. कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, अना चिठ्ठी पदराच्या गाठीत, गाठ काई सुटे ना. मंग लाजत लाजत म्हनते, ‘हे धुळवडीले जनमले जी. त्याच महिन्याचं नाव ठेवलं.’ आमी साऱ्या हासून राहिलो. पन कारकुनाले समजलं. हुशार मानूस हाये, लगेच निशान मारलं.”

धुरपता बसल्या जागी ताठ झाली.

धुळवड. होळीचा दुसरा दिवस.

“आत्या, फागूच्या बायकोचं नाव काय?”

“नाव?” आत्या विचारात पडली. “थे चिचगडची. लग्नाले दोन सालं झाली. घरात नवरी म्हनते, आमी फागूची म्हनतो.” ती थांबली. “नाव... बाप्पा! मले नाई ठाऊक.”

कोणालाच ठाऊक नव्हतं!

धुरपता धावली. चप्पल दारातच राहिली.

६

साडेचारला शाळेच्या अंगणात मोठी वरात आली. पुढे धुरपता, मागे फागूची बायको पदर सावरत, तिच्यामागे तिची सासू, त्यामागे शांती आत्या हात उघडा टाकून, शाईचं बोट उंच धरून. दोन्ही आळ्यांनी ते बोट पाहिलं आणि दोन्ही आळ्यांची तोंडं उघडी राहिली. आत्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

“पुरावा आणला, साहेब,” धुरपता म्हणाली. भाषणाला लावायची तो आवाज तिने लावला. “शिवचरणजी, एक सांगा. त्या बाईने ‘चैतराम’ हा शब्द तोंडाने उच्चारला का?”

“बताया ना उसने.”

“बताया नाही. बोलली का? चै-त-रा-म?”

शिवचरणजींनी मिशा पुसल्या. “शब्द तो... नहीं बोली. इशारे से बताया. बोली, धुलेंडी के दिन पैदा हुए, उसी महीने का नाम है.”

“आणि धुळवडीला महिना कोणता?”

“चैत! होली जली, दूसरे दिन चैत बदी एकम. पंचांग देख लो.”

“बाई,” धुरपताने फागूच्या बायकोकडे वळून विचारलं, “धुळवडीले महिना कोनता?”

पदराआडून बारीक आवाज आला. “फागुनच ना. चैत तं पाडव्याले लागते.”

साहेबांनी चष्मा काढला. आता त्यांनी कागदाकडे नाही, माणसांकडे पाहिलं.

“साहेब,” धुरपता घाईघाईने म्हणाली, कारण घड्याळ पुढे पळत होतं, “दिवस एकच, पण महिने दोन! आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून धुळवड फागुनात. शिवचरणजींचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांची धुळवड चैतात. ही म्हणाली फागू, त्यांनी ऐकलं चैतराम. पहाटे चहा पिताना ते मला म्हणाले होते, होळी जळली की चैत लागला. तेव्हाच मला कळायला हवं होतं! आणि नाव तर दोघींचं एकच. ही पण देवका. पण गावात हिला सगळे फागूची म्हणतात, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही की गावात दुसरी देवका आहे. सकाळी तिने नाव सांगितलं ते शिवचरणजींना, हळूच. मागच्या बायका फक्त धुळवडीला हसल्या.”

“पुरावा?” साहेब म्हणाले, पण मऊ आवाजात.

फागूच्या बायकोने पदराची गाठ पुढे केली. सुटतच नव्हती. शेवटी शांती आत्याने दातांनी सोडवली. आतून चुरगळलेली चिठ्ठी निघाली: क्रमांक सत्याऐंशी, देवकाबाई, पती फागू. साहेबांनी यादी उलटली. सत्याऐंशी नंबरपुढे खूण नव्हती. तिच्या बोटावर मात्र शाई होती.

शिवचरणजी उठून उभे राहिले. हात जोडले. “गलती मेरी है, साहब. पंचांग की.”

“पंचांगाची नाही,” साहेब म्हणाले. “नावाची.” त्यांनी एक खूण खोडली, दुसरी केली, दोन्हींखाली सही ठोकली. मग दारातून पायरीकडे पाहून स्वतः हाक मारली, “देवकाबाई! या.”

७

पाचला दहा मिनिटं कमी होती. देवकाबाई टेबलासमोर उभी राहिली. खोली गच्च भरली होती; बाहेर काढूनही कोणी निघत नव्हतं. बाकावर दोन्ही टोकांना चैतराम आणि दुधराम.

“नाव?” साहेबांनी आता स्वतःच विचारलं.

“देवका.”

“पतीचं नाव?” ते थांबले. “आणि बाई, आता धुळवड नको, दिवाळी नको. एकदा फसलो. स्पष्ट नाव हवं.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. सासू मंडळींनी कानांवर हात नेले. तीस वर्षांत देवकाबाईने ते नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची तर “आयकलं का” म्हणायची. वाळवणातला चैती गहू आला तरी “तो पाडव्याचा गहू” म्हणायची!

तिने बाकाकडे पाहिलं. चैतराम खाली मान घालून टोपीची घडी घालत होते. त्यांना बावन्न सालचं अंगण आठवत होतं की काय कोण जाणे. त्यांचे कान लाल झाले होते.

देवकाबाईने पदर सारखा केला. घसा खाकरला. आणि तलावापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“चैतराम!”

“हाव जी!” चैतराम ताडकन उठून उभे राहिले.

मग जो हशा पिकला! दुधराम तर बाकावरून घसरले, आणि त्यांच्या खिशातून लाल चंची सगळ्यांसमोर जमिनीवर पडली. चैतरामांनी ती उचलली, झटकली, आणि सगळ्या गावासमोर पुन्हा दुधरामांच्या हातात ठेवली. “ठेव. चुना लाव.”

देवकाबाईला यातलं काही दिसलं नाही. तिच्या राखेने घासलेल्या लाल बोटावर शिवचरणजी जपून शाईची रेघ ओढत होते. कागद हातात घेऊन ती पडद्याआड गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पाच वाजले.

साहेबांनी आकडा सांगितला. बोडीटोल्यातल्या एकशे एकतीस बायकांपैकी एकशे चोवीस. पुरुषांपेक्षा सात टक्के जास्त! पुरुषांनी हिशेब पुन्हा करायला लावला. पुन्हा तेवढाच आला. फागूच्या बायकोला त्या दिवसापासून बायका “धाकटी देवका” म्हणू लागल्या, आणि शांती आत्याने जाहीर केलं की मत तिने दिलं ते फक्त उमेदवारांना पाळीच्या भगदाडाची आठवण करून द्यायला.

घरी जाताना तिघं तलावाच्या पाळीवरून चालले होते. पुढे मोठे बाबा, मागे मोठी माय, मधेच धुरपता, कधी पुढे कधी मागे, कारण तिला सरळ चालणं जमतच नव्हतं.

“मोठी माय, कोणत्या पेटीत टाकलं? मला सांग ना. कानात.”

“थे मले मालूम.”

मोठे बाबा चालता चालता थांबले. वळले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, “थे नको सांगू. पन... थे नाव घेतलं ना मघा.”

“मंग?”

“पुन्हा एक डाव घे ना.”

देवकाबाईने काळी रेघ असलेलं बोट उन्हात धरून पाहिलं. शाई मस्त बसली होती.

“पाच सालांनं,” ती म्हणाली.